अमेरिकन निवडणुकीचे बिल्ले : हरलेल्यांचा भाव जास्त का?

नाणेघाट

२०२२ साली अमेरिकेतल्या एका लिलावात सव्वा इंचाचा एक बिल्ला दीड लाख डॉलरच्या पुढे गेला. त्यात सोनं नाही, चांदी नाही. पत्र्याची वाटी, वर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा (एक जुनं पारदर्शक प्लॅस्टिक) पापुद्रा आणि मागे टाचणी. कागदावर दोन चेहरे, जेम्स कॉक्स आणि फ्रँकलिन रूझवेल्ट. १९२० ला डेमोक्रॅटिक पक्षाने कॉक्सला अध्यक्षपदासाठी आणि रूझवेल्टला उपाध्यक्षपदासाठी उभं केलं होतं आणि ही जोडी सणकून आपटली. समोरच्या रिपब्लिकन हार्डिंगला साठ टक्के मतं, कॉक्सला चौतीस.

म्हणजे बिल्ले जमवणाऱ्यांच्या लेखी सगळ्यात मोठं घबाड आहे ते एका दणदणीत पराभवाचं. हा उफराटा हिशोब कसा बसतो ते सांगायला हा धागा. मी मोठा संग्राहक वगैरे नाही. नाण्यांच्या नादात या बाजूला घसरलो आणि तिथेच राहिलो.

सुरुवात वॉशिंग्टनपासून करायची रीत आहे, म्हणून करतो. ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये त्याचा शपथविधी झाला. त्या निमित्ताने पितळेची, तांब्याची बटणं निघाली. खरीखुरी, कोटाला शिवायची. काहींवर मधोमध 'जी डब्ल्यू' आणि भोवती 'लाँग लिव्ह द प्रेसिडेंट', काहींवर तेरा राज्यांची आद्याक्षरं साखळीच्या कड्यांमध्ये. राजाचा जयजयकार करायची जुनी सवय, राजाच्या जागी अध्यक्ष बसवला इतकंच. पण वॉशिंग्टनविरुद्ध कोणी उभंच नव्हतं, तेव्हा याला प्रचार म्हणवत नाही.

प्रचाराचा खरा धुरळा उडाला १८४० ला. विल्यम हेन्री हॅरिसन म्हणजे लाकडी खोपटात बसून सायडर (सफरचंदाची दारू) ढोसणारा म्हातारा, असा टोमणा विरोधी वर्तमानपत्राने मारला. त्याच्या व्हिग पक्षाने तो टोमणाच झेंड्यासारखा मिरवला. पदकांवर खोपट, बटणांवर खोपट, रुमालांवर खोपट, शेजारी सायडरचं पिंप. माणूस प्रत्यक्षात व्हर्जिनियातल्या बड्या मळेवाल्याच्या हवेलीत जन्मलेला! निवडून आला आणि शपथ घेतल्यावर महिन्याभरात वारला.

या पदकांना भोक पाडून रिबिनीत ओवायचे. १८६० ला त्यात फोटो आला. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर उठवलेला फोटो, म्हणजे फेरोटाइप, पितळी चौकटीत बसवलेला. एका बाजूला लिंकन, उलटवलं की त्याचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार हॅमलिन. यातला लिंकन बिनदाढीचा आहे, कारण दाढी त्याने निवडून आल्यावर राखली. त्या निवडणुकीचा 'अस्सल' म्हणून दाढीवाला लिंकन कोणी पुढे केला तर नमस्कार करून वाटेला लागावं.

मग १८९६. माझ्या मते या छंदाचा इतिहास इथून सुरू होतो, आधीचं सगळं प्रस्तावना. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये व्हाइटहेड आणि हॉग नावाची कंपनी होती, १८९२ साली निघालेली. सेल्युलॉइडचा कारखानाही न्यूअर्कमध्येच होता. या कंपनीने छापील कागदावर पारदर्शक सेल्युलॉइड ताणून, दोन्ही पत्र्याच्या वाटीवर दाबून, मागून कडं बसवून त्यात स्प्रिंगसारखी तार अडकवली. पेटंटं घेतली. एका बिल्ल्याची किंमत इतकी उतरली की तो फुकट वाटणं परवडायला लागलं. रंग चकचकीत, पाण्याने जात नाहीत, आणि लावायला एक टाचणी.

त्या वर्षी भांडण कशावरून होतं हेही नशीबच म्हणायचं. रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली सोन्याच्या चलनाच्या बाजूने, डेमोक्रॅट ब्रायन चांदीच्या. सोळा औंस चांदी बरोबर एक औंस सोनं धरा ही ब्रायनची मागणी, 'सोळाला एक'. बिल्ला बनवणाऱ्याला याहून सोपं काय हवं? सोनेरी बिल्ला म्हणजे मॅकिन्ली, रुपेरी म्हणजे ब्रायन. किड्यांच्या आकाराच्या सोनेरी, रुपेरी पिना, कळ दाबली की पंख उघडतात आणि आत उमेदवाराचा फोटो. एका बिल्ल्यावर नुसतं घड्याळ, काटे बाराला चव्वेचाळीसवर. एकला सोळा मिनिटं कमी!

आता कॉक्सकडे. रिपब्लिकनांकडे पैसा बक्कळ, डेमोक्रॅटांचा खिसा फाटका. कॉक्सचे एकट्याचे, नुसत्या नावाचे बिल्ले निघाले. दोघांचे फोटो असलेले फारच थोडे. (दोन चेहऱ्यांच्या बिल्ल्याला संग्राहक 'जुगेट' म्हणतात.) हरल्यावर ते जपून कोण ठेवणार? मग बारा वर्षांनी त्यातला दुय्यम गडी अध्यक्ष झाला, तोही चार वेळा निवडून आला, आणि सगळे कपाटं उचकायला लागले. तोवर बिल्ले केरात गेले होते.

तर माझं म्हणणं असं की बिल्ल्याची आजची किंमत त्या वेळच्या प्रचाराच्या तिजोरीच्या उलट चालते. ज्याच्याकडे पैसा होता त्याचे बिल्ले आज किरकोळीत मिळतात. मॅकिन्लीचे १८९६ चे साधे बिल्ले सव्वाशे वर्षं जुने असूनही स्वस्त आहेत. वयाला इथे कोणी विचारत नाही.

---

शेवंता

मस्त! वाचनखूण साठवली. ते पंख उघडणारे किडे कुठे बघायला मिळतील?

---

नाणेघाट

वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात राजकीय वस्तूंचा प्रचंड साठा आहे, त्यातलं बरंच त्यांच्या संकेतस्थळावर फोटोसकट दिसतं. आणि संग्राहकांची एक जुनी संघटना आहे, अमेरिकन पोलिटिकल आयटम्स कलेक्टर्स, १९४५ पासूनची. त्यांच्या मेळाव्यांत असले किडे टेबलावर मांडलेले असतात.

---

उंटावरचा_शहाणा

धागा आवडला पण १८९६ चं श्रेय टाचणीला देणं मला पटत नाही. श्रेय मार्क हॅनाचं. मॅकिन्लीच्या या कारभाऱ्याने बँका, रेल्वे, विमा कंपन्या, सगळ्यांकडून रीतसर वर्गणी वसूल केली. साधारण पस्तीस लाख डॉलर जमवले असं इतिहासकार धरतात. ब्रायनकडे त्याचा एक छोटा हिस्सा. ब्रायन आगगाडीने अठरा हजार मैल हिंडला, सहाशेच्या आसपास भाषणं ठोकली. मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिला आणि लोकच आगगाड्या भरभरून त्याच्याकडे आले. साडेसात लाख माणसं आली म्हणतात. त्या गर्दीच्या छातीवर काहीतरी लावायला हवं होतं. गिऱ्हाईक आधी, माल नंतर. न्यूअर्कवाल्यांनी तो पुरवला.

---

नाणेघाट

गिऱ्हाईक १८९२ लाही होतं, १८८८ लाही होतं. तेव्हा रिबिनी आणि पदकं वाटली गेली, आणि ती महाग होती म्हणून कार्यकर्त्यांपुरतीच राहिली. १८९६ ला बिल्ला सिगारेटच्या पाकिटाबरोबर फुकट मिळत होता! स्वीट कॅपोरल, हाय ॲडमिरल या सिगारेट कंपन्यांनी मागे आपली जाहिरात छापून मॅकिन्लीचेही वाटले आणि ब्रायनचेही. सिगारेटवाल्याला कोण जिंकतो याच्याशी देणंघेणं नव्हतं. हॅनाच्या पैशाने हे झालेलं नाही, माल स्वस्त झाला म्हणून झालं.

---

उंटावरचा_शहाणा

म्हणजे तुमचाच 'तिजोरीच्या उलट' वाला सिद्धांत गोत्यात आला की. फुकट वाटप सिगारेटवाल्याने केलं असेल तर ब्रायनचेही बिल्ले ढिगाने हवेत.

---

नाणेघाट

आहेतच ढिगाने. १८९६ चा ब्रायन आजही स्वस्तच मिळतो. हरलेला प्रत्येक जण महाग असतो असं मी कुठे म्हटलं? पैसा पक्षाचा असो की सिगारेटवाल्याचा, कोणाचा तरी ओतला गेला की माल उरतो.

---

रसायनवाला

अवांतर: १९६४ च्या गोल्डवॉटरच्या बिल्ल्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? 'एयू एच-टू ओ'. सोन्याची रासायनिक संज्ञा आणि पाण्याचं सूत्र, जोडून वाचलं की उमेदवाराचं आडनाव. आवर्त सारणी येत असेल तरच कळणारा प्रचार मी दुसरा पाहिला नाही. त्याची घोषणा होती 'मनातून तुम्हाला ठाऊक आहे, तो बरोबर आहे'. विरोधकांनी तिचं विडंबन करून 'आतड्यातून तुम्हाला ठाऊक आहे, तो येडा आहे' केलं. इंग्रजीत विडंबनाला यमक आहे, मला जमलं नाही.

त्याच जातीचा एक १९०० सालचा. २८ मे १९०० ला अमेरिकेच्या आग्नेय भागातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. निवडणूक ६ नोव्हेंबरला. लगेच ग्रहणाचे बिल्ले हजर. मॅकिन्लीचा चेहरा ब्रायनच्या चेहऱ्यावर अर्धवट सरकलेला, खाली मजकूर की खग्रास नोव्हेंबरमध्ये. ब्रायनवाल्यांनी उलटं ग्रहण लावलं. असल्या बिल्ल्यांना मात्र भाव आहे, कारण चित्र. यात तुमचा तिजोरीचा नियम लागत नाही.

---

नाणेघाट

खरं आहे. चित्रात गंमत असेल तर भाव वेगळा लागतो. नुसता चेहरा आणि नाव असलेले बिल्ले पोत्याने पडलेले असतात.

---

कुंदाताई

चित्राचा विषय निघालाच आहे तर १९०४ चा 'इक्वॅलिटी' बिल्ला सांगते. मला तो या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो.

१६ ऑक्टोबर १९०१ ला थिओडोर रूझवेल्टने (तेव्हाचा अध्यक्ष, वरच्या रूझवेल्टचा दूरचा भाऊ) बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं. दक्षिणेतल्या गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. पुढे बिल्ला निघाला. एका टेबलाशी दोघे जेवायला बसलेले, टेबलाच्या कापडावर एकच शब्द, 'इक्वॅलिटी', म्हणजे समता.

आता हा बिल्ला रूझवेल्टच्या बाजूचा की विरोधातला? दोन्ही. काहींनी तो अभिमानाने लावला. दक्षिणेकडे डेमोक्रॅटांनी तोच देखावा गोऱ्या मतदारांना भडकवायला वापरला, 'हे बघा, याला निवडलंत तर काय होईल'. अशा काही बिल्ल्यांवर बुकर वॉशिंग्टनचा रंग मुद्दाम जास्त काळा केलेला आहे. चित्र तेच, शब्द तोच. कोणाच्या छातीवर आहे यावर शिवी की गौरव ते ठरणार.

आणि नाणेघाट, तुमच्या लेखात सगळे पुरुष आहेत हे लक्षात आलं का? मताधिकार मागणाऱ्या बायकांचे बिल्ले एक अक्षराने आले नाहीत.

---

नाणेघाट

ते तुम्ही लिहा ना ताई, तुमचा अभ्यास माझ्याहून जास्त आहे.

---

कुंदाताई

लिहिते, पण थोडक्यात.

'व्होट्स फॉर विमेन'चे बिल्ले बहुतेक इवलेसे, पिवळे किंवा सोनेरी. काहींवर निळ्या पट्टीत तारे असतात. जेवढ्या राज्यांनी बायकांना पूर्ण मताधिकार दिला, तेवढे तारे. १८९६ पर्यंत वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, आयडाहो, म्हणजे चार. १९१० ला वॉशिंग्टन राज्य आलं, पाच. १९११ ला कॅलिफोर्निया, सहा. त्यामुळे बिल्ल्यावर साल नसलं तरी तारे मोजून तो साधारण कधीचा ते सांगता येतं. चळवळीने आपली प्रगतिपुस्तकं स्वतःच छातीवर लावली होती.

त्याच घराण्यातली पण बिल्ला नसलेली एक वस्तू म्हणजे तुरुंगाच्या दाराची चांदीची पिन. गजांचं दार, त्यावर साखळी, साखळीला बदामाच्या आकाराचं कुलूप. १९१७ मध्ये व्हाइट हाउसच्या फाटकाशी फलक घेऊन उभ्या राहिल्या म्हणून ज्यांना तुरुंगात टाकलं, त्या बायकांना ॲलिस पॉलच्या नॅशनल वुमन्स पार्टीने ती दिली. ती विकत मिळायची नाही. तुरुंगात जाऊन यावं लागायचं.

आणि १९२० चाच, म्हणजे तुमच्या कॉक्सच्याच निवडणुकीचा, हार्डिंगच्या बाजूचा एक बिल्ला आहे. त्यावरचा मजकूर असा की एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने (बायकांना मताधिकार देणारी) मी माझं पहिलं मत २ नोव्हेंबर १९२० ला दिलं, हार्डिंग आणि कूलिज यांना. बिल्ल्यावर फोटोबिटो नाही. मला तो दीड लाखवाल्यापेक्षा शंभरपट आवडतो.

---

शेवंता

ताई, तुम्ही वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

उंटावरचा_शहाणा

बिल्ल्यांनी निवडणूक जिंकता येते का, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर १९४० मध्ये आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभा राहिला, जे तोवर कोणी जिंकून दाखवलं नव्हतं. समोर वेंडेल विल्की. विल्कीवाल्यांनी घोषणांच्या बिल्ल्यांचा अक्षरशः पाऊस पाडला. मासले बघा:

'तिसरी खेप नको.'
'वॉशिंग्टनने केलं नसतं, ग्रँटला जमलं नाही, रूझवेल्टने करू नये.'
'रूझवेल्टला माजी अध्यक्ष करा.'
'आम्हाला एलिनॉरही नकोय.' (बायको!)
'पप्पा, मलाही कॅप्टन व्हायचंय.'

शेवटचा माझा लाडका. रूझवेल्टचा मुलगा एलियट याला त्याच सुमारास सैन्याच्या हवाई दलात थेट कॅप्टनचा हुद्दा मिळाला होता. आज असा शेरा फोनवरून फिरला असता, तेव्हा तो टाचणीने छातीवर टोचला जायचा.

रूझवेल्टवाल्यांचं उत्तर, 'तिसऱ्या दर्जाच्या माणसापेक्षा तिसऱ्या खेपेचा बरा'. आणि विल्की वीजकंपनीचा अध्यक्ष होता म्हणून 'विल्कीला अध्यक्ष करा, कॉमनवेल्थ अँड सदर्नचा!'

निकाल (राज्यवार निर्वाचक मतं): रूझवेल्ट ४४९, विल्की ८२. टोमण्यांच्या स्पर्धेत विल्की कितीतरी पुढे होता.

---

नाणेघाट

वा! आणि हे सगळे आजही स्वस्तात मिळतात, कारण भरमसाट निघाले. माझ्या सिद्धांताला तुम्हीच हातभार लावलात, धन्यवाद.

यात तंत्राचाही हात आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कागद आणि सेल्युलॉइड वगळून थेट पत्र्यावर छपाई करायची पद्धत आली. पत्र्याच्या मोठ्या तक्त्यावर ओळीने बिल्ले छापायचे, मग कापून दाबायचे. याला लिथो म्हणतात. सेल्युलॉइडच्या बिल्ल्याला 'सेलो'. लिथो लाखांनी काढता येतो पण लवकर ओरखडतो आणि गंजतो.

---

मिरजमळा

तुमचा सिद्धांत मला अर्धाच पटतो. १९७२ घ्या. डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्नने उपाध्यक्षपदासाठी थॉमस ईगल्टनला घेतलं. नैराश्यासाठी त्याने विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं बाहेर आलं आणि अठरा दिवसांत त्याला माघार घ्यावी लागली. त्याच्या जागी श्रायव्हर. आता मॅकगव्हर्न आणि ईगल्टन यांचा बिल्ला दुर्मिळ असायला हवा की नको? मोहीम गरीब, जोडी अठरा दिवसांची, आणि निवडणुकीत धुव्वा. सगळ्या अटी पुऱ्या. तरी तो चार-दोन डॉलरला मिळतो.

कारण तोवर लोक शहाणे झाले होते. बातमी आली त्याच आठवड्यात लोकांनी बिल्ले उचलून पेट्यांत भरले, 'पुढे किंमत येईल' म्हणून. वर मागणी बघून आणखी छापले गेले. १९२० ला कोणी जपलं नाही म्हणून कॉक्स महाग, १९७२ ला सगळ्यांनी जपलं म्हणून ईगल्टन स्वस्त. तेव्हा तिजोरी हे एक कारण झालं, संग्राहकांची हाव हे दुसरं. तुमच्यासारखे छंदी लोक वाढले की छंदातलं दुर्मिळपण संपतं. हलकेच घ्या.

---

नाणेघाट

हलकेच घेतलं. पण मुद्दा जड आहे. साधारण साठच्या दशकानंतरच्या बिल्ल्यांना हे लागू आहे, त्याआधीच्यांना नाही. त्यामुळे १९६० च्या अलीकडचं काही 'गुंतवणूक' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये.

पैशाचा आणखी एक पुरावा देतो. वॉटरगेट घोटाळ्यानंतर निवडणूक निधीचा कायदा बदलला. १९७६ ला फोर्ड आणि कार्टर दोघांनी सरकारी निधी घेतला, प्रत्येकी २ कोटी १८ लाख डॉलर, आणि त्यावर खर्चाची मर्यादा. दोघांनीही पैसा टीव्हीकडे वळवला. कार्यकर्ते बिल्ले मागत होते आणि कचेरीत बिल्ले नव्हते. तेव्हापासून बिल्ला वाटण्याऐवजी विकायची वस्तू झाला. आज उमेदवाराच्या दुकानातून बिल्ला घेतला की ती रक्कम कायद्याने वर्गणी धरली जाते.

---

काळाकोट

उशिरा येतोय. बिल्ल्यांवरून झालेल्या कज्ज्यांबद्दल लिहितो, कारण माझं पोट त्यावर चालतं.

मिसिसिपीमध्ये काळ्या विद्यार्थ्यांच्या दोन शाळा. दोन्हीकडे मुलं नागरी हक्क चळवळीचे बिल्ले लावून आली. एका शाळेत 'एक माणूस, एक मत', दुसऱ्या शाळेत गोरा आणि काळा हात एकमेकांत गुंफलेले. दोन्ही बिल्ले एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेचे. दोन्ही शाळांनी बंदी घातली, मुलांना घरी पाठवलं. दोन्ही प्रकरणं १९६६ मध्ये एकाच अपील न्यायालयासमोर आली आणि एकाच दिवशी निकाल लागले, तेही परस्परविरोधी!

पहिल्या खटल्यात (बर्नसाइड विरुद्ध बायर्स) मुलं जिंकली. बिल्ल्यामुळे शिकवण्यात काही अडथळा आला असं शाळेला दाखवता आलं नाही. दुसऱ्यात (ब्लॅकवेल विरुद्ध इसाक्वीना काउंटी) मुलं हरली. तिथे काही मुलं वर्गावर्गात शिरून बिल्ले वाटत होती, नको म्हणणाऱ्यांना जबरदस्तीने टोचत होती, आरडाओरडा झाला. म्हणजे न्यायालयाने बिल्ल्यावर काय लिहिलंय ते पाहिलंच नाही, वर्गात गोंधळ झाला का ते पाहिलं. तीच फूटपट्टी सर्वोच्च न्यायालयाने १९६९ ला टिंकर खटल्यात उचलली, जिथे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मुलांनी दंडाला काळ्या पट्ट्या बांधल्या होत्या. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पाया असा टाचणीवर उभा आहे.

अलीकडचा, २०१८ चा मिनेसोटाचा. त्या राज्याच्या कायद्यात मतदान केंद्रात 'राजकीय बिल्ला' लावायला सरसकट मनाई होती. एक मतदार 'कृपया माझं ओळखपत्र तपासा' असा बिल्ला लावून गेला, त्याला अडवलं. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मनाई रद्द केली. केंद्राच्या आत शांतता राखायचा राज्याला अधिकार आहे, पण 'राजकीय' म्हणजे काय तेच कायद्यात धड सांगितलेलं नाही, असं कारण दिलं.

---

उंटावरचा_शहाणा

एकाच दिवशी दोन उलटे निकाल! हे माहीतच नव्हतं. त्या हात गुंफलेल्या चित्राचा बिल्ला २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चालाही होता ना?

---

काळाकोट

कल्पना तीच, काळा आणि गोरा हात एकमेकांत. पण तो बिल्ला मोर्चाच्या आयोजकांचा, पंचवीस सेंटला विकून मोर्चाचा खर्च भागवला जात होता. इथे नाणेघाटांची तिजोरी उलटी फिरते. उमेदवार बिल्ल्यावर पैसे घालवायचे, चळवळी त्यातून उभे करायच्या.

---

मुक्काम_ओहायो

धागा वाचून धीर आला म्हणून विचारतो. इथे एका घरगुती विक्रीत जुन्या बिल्ल्यांचा डबा मिळाला. त्यात मॅकिन्ली आहे, थिओडोर रूझवेल्ट आहे, विल्की आहे, आणि चक्क कॉक्स-रूझवेल्ट दोन चेहऱ्यांचासुद्धा आहे! एक सोडून सगळे अगदी नव्यासारखे चकचकीत. लॉटरी लागली का?

---

नाणेघाट

नव्यासारखे चकचकीत, आणि सगळे एकाच मापाचे, बरोबर?

१९६७ ते १९७२ च्या दरम्यान जाहिरातीसाठी जुन्या बिल्ल्यांच्या प्रतिकृतींचे संच निघाले होते. एक टिश्यूपेपरच्या कंपनीचा, एक तेलकंपनीचा. लाखांनी वाटले गेले. फसवायला काढलेले नव्हते, पण पन्नास वर्षं डब्यात राहिल्यावर जुने दिसायला लागले. आता हे बघा:

कडेची गोलाई जिथे मागे वळते तिथे भिंगाने वाचा. तिथे 'क्लीनेक्स' आणि साल, किंवा 'ए-ओ १९७२', किंवा 'आर्ट फेअर १९६७' असं बारीक अक्षरात असेल तर विषय संपला. कोणी ते खरवडून किंवा रंगवून टाकलं असेल तर तिथला पत्रा वेगळा दिसतो.

अक्षरं नसली तरी मॅकिन्ली थेट पत्र्यावर छापलेला आहे का ते पाहा. १८९६ ला लिथो नव्हतंच. नखाने कडेशी हलकेच चाचपलं की सेल्युलॉइडची वळलेली धार लागते, लिथोला ती नसते. खऱ्याच्या मागे बहुतेक वेळा व्हाइटहेड आणि हॉगचा छापील कागद असतो, त्यावर पेटंटच्या तारखा. शेवटची तारीख २१ जुलै १८९६ असते. पण ही तारीख पेटंटची, बिल्ल्याची नव्हे. तोच कागद पुढेही कैक वर्षं वापरला.

या प्रतिकृतींच्या सुळसुळाटामुळे १९७३ ला हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट आला. नकली राजकीय वस्तूवर ती बनवल्याचं साल ठळक घालायचं, असं बंधन. त्याआधीच्यांवर कोणाचं बंधन नाही.

---

मुक्काम_ओहायो

मॅकिन्ली, रूझवेल्ट आणि कॉक्स तिघांच्याही कडेला 'ए-ओ १९७२' आहे. विल्कीच्या कडेला काहीच नाही. मागे कागद नाही, नुसता गंजलेला पत्रा. त्यावर 'आम्हाला एलिनॉरही नकोय' असं आहे. पुढच्या पापुद्र्याखाली कागदावर तांबूस ठिपके पडलेत.

---

नाणेघाट

पापुद्र्याखाली ठिपके म्हणजे तो सेलो आहे, आणि बहुधा अस्सल. ठिपके ओलाव्याने पडतात. कडेतून दमट हवा आत शिरते आणि कागद आतून डागाळतो. ते जात नाहीत. पुसू नका, पाणी तर मुळीच नको, आत ओढलं जाईल. उन्हापासून लांब, कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत कोंडू नका. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, तेव्हा दिव्याशेजारीही नको. गंज पसरू नये म्हणून तो एकटा वेगळा ठेवलेला बरा.

---

कुंदाताई

मुक्काम_ओहायो, विकायचा असेल तर आधी मला विचारा. एलिनॉरसाठी घेईन.